शुक्रवारी लाईट नसते

बोईसरचा रविवार शुक्रवारी येतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, असं कसं? असंच. तारापूरच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणून बाजारात गर्दी शुक्रवारी, साखरपुडे शुक्रवारी, न्हाव्याकडे रांग शुक्रवारी, आणि नवराबायकोची भांडणंसुद्धा राखून ठेवलेली शुक्रवारसाठी. आणि नेमकी त्याच दिवशी दुरुस्तीच्या नावाखाली सकाळी लाईट जाते ती पार संध्याकाळी येते. सुट्टी द्यायची आणि डोक्यावरचा पंखा काढून घ्यायचा, ही इथली रीत. लोकांना तिची इतकी सवय झाली आहे की कोणी शिव्यासुद्धा देत नाही. मी देते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, तेव्हा माझी सुट्टी रविवारी. आमचे हे रंगाच्या कारखान्यात, त्यांची शुक्रवारी. सणवार सोडले तर अख्ख्या संसारात आमची सुट्टी एका दिवशी आली नाही. शुक्रवारी मी छत्री-पिशवी घेऊन निघायचे तेव्हा हे दारात आरसा टांगून दाढी करत असायचे. रविवारी मी भाजी निवडायला बसले की हे डबा घेऊन बाहेर. आमचा संसार दारातच झाला म्हणा ना. मी म्हणायचे, "राहू दे, निवृत्त झाल्यावर बसू समोरासमोर." हे म्हणायचे, "तवर मी तुला ओलखीन ना?"

मी निवृत्त होण्याच्या आधीच ह्यांची छाती बिघडली. पालघरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं की फुफ्फुसं आवळत चालली आहेत, आणि जे आवळलं ते आता परत सुटणार नाही. आयुष्यात विडीला शिवले नव्हते हो! कारखान्याच्या डॉक्टरने लिहून दिलं की ह्या दुखण्याचा कामाशी संबंध नाही. नसेल. मग काय माझ्या हातच्या कालवणाने झालं? एवढं मी त्याच्या तोंडावर विचारलं होतं. त्याने पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यानंतर घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. लहान कपाटाएवढं, दिवसरात्र घुमणारं. त्याची नळी ह्यांच्या नाकात, आणि नळीच्या लांबीएवढं ह्यांचं जग. पलंग, खिडकी, मोरीचा दरवाजा. चिंचणीला वाडीत उन्हातान्हात वाढलेला माणूस, त्याला असं दाव्याला बांधल्यावर काय होणार? आधी चिडले, मग गप्प झाले. गप्प झाले तेव्हा मी घाबरले. पुण्याला असते त्या लेकीने आपला जुना लॅपटॉप आणून दिला, त्यात बोटींच्या लढाईचा एक खेळ घालून दिला, आणि म्हणाली, "बाबा, ह्यात जगभरातली माणसं खेळतात." मी मनात म्हटलं, ह्या वयात हे असले चाळे! पण महिन्याभरात हे पुन्हा बोलायला लागले. खेळात आपली बोट बुडाली की अशी एक अस्सल शिवी हासडायचे की माझा जीव सुखावायचा.

मग साठीच्या पुढच्या माणसांची जागतिक स्पर्धा निघाली, आणि हे एका संघात गेले. तिघांचा संघ. एक फिनलंडची बाई, पूर्वी परिचारिका असलेली. एक ब्राझीलचा बसचालक, हृदयाला झडप बसवलेला. आणि तिसरे आमचे हे, दाव्याला बांधलेले. हे एका बोटाने मराठीत लिहायचे, लॅपटॉप त्याचं भाषांतर करून पाठवायचा, आणि तिकडचं मराठीत करून दाखवायचा. फिनलंडची बाई रोज विचारायची, आज श्वास कसा आहे? मी म्हणायचे, "झालं, आली तुमची फिनलंडवाली." हे म्हणायचे, "निदान ती इचारते तरी. तू निस्ती वराडतेस."

त्या स्पर्धेचं वेळापत्रक मी पाहिलं आणि मानलं त्यांना. शाळेचं वेळापत्रक मी वर्षानुवर्षं केलेलं, त्यामुळे ते काय दुखणं असतं ते मला विचारा. कोणाचा तरी गणिताचा तास जेवणानंतर येतोच, आणि तो माणूस वर्षभर तुमच्याकडे रागाने बघतो. इथे तर एकाची पहाट, दुसऱ्याची दुपार आणि तिसऱ्याची झोपायची वेळ. पण समितीवरची माणसंही म्हातारीच होती. त्यांनी नियमच केला होता की कोणाचीही झोप मोडून सामना ठेवायचा नाही. एकदा ब्राझीलवाल्याने लवकर उठायचं, एकदा ह्यांनी जेवण मागे ढकलायचं, एकदा फिनलंडवालीने. त्रास व्हायचा तो सगळ्यांना सारखा. आणि खेळताना कोपऱ्यात एक हिरवं बटण दिसायचं. खेळता खेळता तब्येत बिघडली तर ते दाबायचं. खेळ जागच्या जागी थांबायचा आणि उरलेला पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेला व्हायचा. का दाबलं म्हणून कोणी विचारायचं नाही. मी त्याला विसाव्याचं बटण म्हणायचे.

उपांत्य सामन्याच्या आधी समितीने प्रत्येकाला विचारलं, तुमच्या घरचं माणूस कोणत्या वारी घरी असतं? आजारी खेळाडूंच्या जवळ कोणीतरी असावं म्हणून. किती शहाणा प्रश्न! ह्यांनी मला न विचारता उत्तर पाठवलं, शुक्रवार.

त्यावर समितीचं जे पत्र आलं ते वाचून हे इतके हसले की मला मशीनचा काटा वाढवावा लागला. समितीची समजूत झाली होती की शुक्रवारी सुट्टी म्हणजे आपण आखाती मुलुखातले. 'तुमच्या श्रद्धेचा आम्हाला आदर आहे,' असं लिहून त्यांनी सामना मस्कतच्या संघाशी जोडून दिला होता. शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, म्हणजे आपल्याकडे तीन वाजता. देव्हाऱ्यात गणपती, दारावर तोरण, आणि हे म्हणतात, "बग, सुट्टीनं आपला मुलूक बदलला." मीही हसले. हसता हसता माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला.

"अहो, शुक्रवारी लाईट नसते!"

हे हसायचे थांबले. पण नवल वाटलेलं दिसलं नाही. म्हणजे ठाऊक होतं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "दर शुक्रवारी तुमचं मशीन इन्व्हर्टरवर कसं चालतं ते मी बघते. मेली ती बॅटरी कधी दगा देईल म्हणून माझा जीव टांगणीला असतो. आणि तुम्ही आपणहून शुक्रवार मागून घेतलात? मी निवृत्त झालेय, मी रोजच घरी असते!"

हे खिडकीकडे बघत म्हणाले, "पन शुक्रवारी कदी नव्हतीस."

मी आत जाऊन उगाच भांडी घासली.

वार बदलून मागितला नाही असं नाही. मीच लिहायला लावलं. समितीचं उत्तर आलं की प्रत्येक संघाला एकच बदल मिळतो, आणि ह्यांच्या संघाने तो फिनलंडवालीच्या इस्पितळाच्या तारखेसाठी आधीच वापरला आहे. दुसरा दिला तर बाकीच्या संघांवर अन्याय होईल. बरोबरच होतं त्यांचं. शाळेत असते तर मीही हेच उत्तर दिलं असतं. पण तेव्हा म्हटलं, जळ्ळा मेला तुमचा न्याय.

माझं माहेर शिरगावचं, तिथे शुक्रवारी लाईट असते. पण ह्यांना रिक्षात घालून तिथवर न्यायचं म्हणजे रस्त्यातच काही व्हायचं. मागच्या खेपेला इस्पितळातून येताना खड्ड्याखड्ड्याला ओठ निळे पडले होते. मंडपवाला जनरेटर द्यायला तयार होता, पण त्याचा धूर ह्यांच्या छातीत गेला म्हणजे? शेवटी वरच्या मजल्यावरच्या भाभी मदतीला आल्या. त्यांचे यजमान उत्तर प्रदेशचे, इथे कारखान्यात वेल्डर. भाभी म्हणाल्या, "चाचीजी, हमारा इन्वर्टर ले लो ना. चाचाजी का मॅच है." ठरलं. सकाळी लाईट गेली की ह्यांना सिलिंडरवर ठेवायचं, आणि घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी दुपारसाठी राखायची. सामना सुरू व्हायच्या आधी मशीन घरच्या इन्व्हर्टरवर लावायचं. लॅपटॉप आणि इंटरनेटचा डबा भाभींच्या इन्व्हर्टरवर. त्यासाठी वरच्या गॅलरीतून आमच्या खिडकीत एक पिवळी वायर सोडली.

त्या शुक्रवारी लाईट वेळेवर गेली. जायच्या बाबतीत ती कधी उशीर करत नाही.

ह्यांनी सकाळी माझ्याकडून दाढी करून घेतली. पांढरा सदरा मागितला. मी म्हटलं, "तिकडे कोण बघणार आहे तुम्हाला?" म्हणाले, "तू हायस ना." दुपारी मऊ भात-वरण दोन घास खाल्लं. मी सिलिंडर बंद केला, तळाशी थोडा उरला होता, आणि मशीन लावलं. तीनला मी खुर्ची ओढून ह्यांच्या शेजारी बसले. उन्हाळा मी म्हणत होता, पंखा बंद, आणि मी पुठ्ठ्याने दोघांना वारा घालत होते. लग्नानंतर इतक्या वर्षांनी शुक्रवारची दुपार आम्ही अशी शेजारी बसून काढत होतो, आणि काढत होतो ती मस्कतवाल्यांच्या बोटी बुडवण्यात. मला हसूही येत होतं.

ह्यांच्याकडे मोठी, संथ बोट असायची. काम एकच, बंदराच्या तोंडाशी उभं राहायचं आणि हलायचं नाही. बाकीचे दोघे वेगाच्या बोटी घेऊन फिरायचे. मस्कतवाले चिवट होते. हे गोळे झेलत उभे. ओठ घट्ट मिटलेले, हाताचं बोट कळेवर. असा चेहरा मी ह्यांचा कामावरचा कधी पाहिला नव्हता. असाच असणार, असं वाटलं.

मग आमच्या इन्व्हर्टरने पिपाणी वाजवायला सुरुवात केली. बॅटरी उतरल्याची खूण. जुनी बॅटरी, नवी सांगून ठेवलेली, दुकानदार आज-उद्या करत होता. आणि त्याच वेळी पिवळ्या वायरीच्या टोकाच्या बोर्डावरचा दिवाही मिणमिणला आणि विझला. लॅपटॉप स्वतःच्या जोरावर फार तर पंधरा-वीस मिनिटं तग धरायचा, आणि इंटरनेट तर गेलंच.

खेळाच्या नियमात संपर्क तुटला तर थोडा अवधी मिळायचा. मी म्हटलं, "बटण दाबा, विसाव्याचं. फोनवरून कळवू." त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. म्हणाले, "वर जा. बग काय झालाय."

मी जिने चढून गेले. ह्या गुडघ्यांनी. भाभींकडे गावाहून पाहुणे आलेले. सुट्टीचा दिवस, येणारच. त्यांच्यात तान्हं बाळ, घामोळ्यांनी लाल झालेलं, किंचाळत होतं, म्हणून कोणीतरी कूलर लावला आणि त्याने बॅटरी संपवली. भाभी कपाळावर हात मारून रडवेल्या झाल्या, "हाय राम, मैं तो रसोई में थी." त्या बाळाने उकडून मरायचं का, आमच्या बोटीसाठी? मी म्हटलं, "रहने दो, भाभी, रहने दो," आणि उतरायला लागले.

जिन्यातच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आमच्या घरातून आवाज येत नव्हता. मशीन घुमत नव्हतं.

मी आत आले तेव्हा हे खेळत होते. लॅपटॉप चालू, इंटरनेटच्या डब्याचे दिवे चालू. दोन्ही घरच्या इन्व्हर्टरवर लावलेले, आणि मशीनची पिन काढून जमिनीवर टाकलेली. ह्या माणसाने पलंगावरून उतरून, भिंतीला धरून, आपल्या हाताने आपला श्वास बंद केला होता आणि उरलीसुरली बॅटरी बोटीला दिली होती. मला वर पाठवलं ते मुद्दाम. मी असते तर करू दिलं नसतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मी ओरडले. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. मशीन पुन्हा लावलं तर ते एकदा घुमलं आणि इन्व्हर्टरसकट बसलं. सिलिंडरची चावी हातातून दोनदा सटकली. उरलेला ऑक्सिजन सोडला, नळी नाकात घातली, तोवर ह्यांचे ओठ आणि नखं जांभळी झाली होती. खेळ लॅपटॉपवर अजून चालू होता की संपला होता ते मी पाहिलं नाही. पण ह्यांनी पाहिलं असावं, कारण त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता.

अँब्युलन्स आली. भाभींच्या यजमानांनी आणि पाहुण्यांनी ह्यांना खुर्चीसकट खाली उतरवलं. पालघरच्या रस्त्याला मी ह्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते, आणि रडायच्या ऐवजी भांडत होते. माझा स्वभावच तसला. "बटण होतं ना? हिरवं, चांगलं मोठं! दाबायला काय झालं होतं? पुढच्या शुक्रवारी खेळला असतात!"

हे मास्कच्या आतून बोलले. एकेक शब्द वेगळा, मध्ये श्वास.

"पुडला शुक्रवार... कोनी बगितलाय?"

बुधवारी गेले.

चिंचणीच्या समुद्रावर राख सोडली, बाराव्या-तेराव्याला माणसं येऊन गेली, लेक पुण्याला परतली. कारखान्यातून दोघे जण पेढे खायला यावेत तसे येऊन चहा पिऊन गेले. मशीन भाड्याचं होतं, ते परत नेलं. त्याचा आवाज गेल्यावर घर इतकं रिकामं झालं की मला झोप येईना. ज्या आवाजाला मी रोज शिव्या घालायचे, तो ह्यांचा होता असं तेव्हा कळलं.

एका शुक्रवारी लॅपटॉप उघडला. सकाळीच भरून ठेवला होता, लाईट जायच्या आधी. लेकीने जाताना शिकवलं होतं तसं इंटरनेट फोनवरून जोडलं. फिनलंडवालीचे निरोप साचले होते. लेकीने त्यांना कळवलं होतं, तेव्हा तिला माहीत होतं. तिने लिहिलं होतं की त्या दिवशी ते जिंकले. बंदराचं तोंड शेवटपर्यंत अडलेलं राहिलं. अंतिम सामना पुढच्याच शुक्रवारी होता, पण ती आणि ब्राझीलवाला खेळले नाहीत. मग लिहिलं होतं, 'ते मध्येच गेले आणि परत आले, तेव्हा त्यांचे गोळे इतके थांबून थांबून सुटत होते की मला कळलं, काहीतरी वाईट आहे. मी परिचारिका होते. आम्ही दोघांनीच नाही, समोरच्या मस्कतच्या संघानेसुद्धा लिहिलं, बटण दाबा, आम्ही थांबतो. सगळे थांबायला तयार होते. त्यांनी का नाही दाबलं?'

मी निरोप वर सरकवत मागचं वाचलं. खरंच. त्या दुपारी ओळीवर ओळी येत होत्या. बटण दाबा. बटण दाबा. मस्कतच्या म्हाताऱ्याने लिहिलं होतं, भाऊ, घाई नाही. ह्यांचं उत्तर एकही नव्हतं. बोट तेवढी बंदराच्या तोंडाशी उभी.

मला राग आला. त्यांचा. अजून येतो. एवढी सगळी माणसं, कुठकुठली, थांबायला तयार, आणि हा एकटा शहाणा घाईला आलेला. पण त्या बाईला हे काय सांगायचं? आणि पुढच्या शुक्रवारचं तरी कसं सांगायचं? मग ह्यांच्यासारखंच एका बोटाने लिहिलं, 'आमच्याकडे शुक्रवारी लाईट नसते.'

तिकडे ती जागीच होती. तिथली सकाळ असणार. लगेच उत्तर आलं. 'मग त्यांनी शुक्रवार का मागितला?'

बॅटरीचं चित्र लाल झालं होतं. मी लिहिलं, 'त्या दिवशी मी घरी असते.' आणि ते पोचलं की नाही ते दिसायच्या आत लॅपटॉप बंद पडला.